आवाज आला की बटण दाबा

ऐकणं तपासायच्या बूथमध्ये बसवलेली माणसं दोन-तीन मिनिटांतच डोळे मिटून घेतात. तसं मी कुणालाच सांगत नाही. कानावर हेडफोन, हातात बटण, समोर जाड दुहेरी काच आणि काचेपलीकडे मी, एवढ्यात त्यांना कळून चुकतं की इथं डोळ्यांचं काही काम नाही. काही मात्र मिटत नाहीत. ते माझ्या हाताकडे टक लावून बसतात, कारण मॅडमनी डायल फिरवली की आवाज येणार, हा हिशोब त्यांनी पहिल्याच मिनिटाला मांडलेला असतो. अशा लोकांसाठी मी आतली खुर्ची जरा तिरकी ठेवून दिली आहे.

मी इचलकरंजीत ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांच्या बोलण्यात ‘कानाचा ग्राफ काढणाऱ्या मॅडम’. कान-नाक-घशाचे डॉक्टर चिठ्ठीवर ‘पीटीए’ (प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी) अशी तीन अक्षरं लिहितात आणि माणूस जिना चढून वर येतो. सूचना सगळ्यांना एकच. आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक आला तरी दाबा, नाही आला तर दाबू नका. शेवटचं मी दोनदा सांगते. तरी ते कुणाच्या डोक्यात राहत नाही.

रक्तदाब मोजताना माणूस नुसता हात पुढं करतो. शुगरच्या रिपोर्टवर आपला अंगठा चालत नाही. इथं चालतो, आणि अंगठा आला की माणसाचा स्वभाव आलाच. निवृत्त मास्तर बटण असं दाबून धरतात की सोडतच नाहीत. कुणी बटण दाबतं आणि शिवाय मोठ्यानं ‘आला!’ असंही सांगतं. नवी नवरी सासूबरोबर आलेली असेल तर अंगठा घाबरत घाबरत खाली येतो. चाळिशीतले दुकानदार बऱ्याचदा आवाज येण्याआधीच दाबून मोकळे होतात. बाहेर आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘किती पडले?’ म्हणजे मार्क. तपासून घ्यायला आलोय हे विसरून माणूस पास व्हायला बसलेला असतो.

हे सगळं धरूनच चाचणी बेतलेली आहे. सुरुवात १००० हर्ट्‌झच्या पट्टीनं, बरं ऐकू येणाऱ्या कानापासून. आवाज ऐकू आला की दहा डेसिबलनं खाली उतरायचं, नाही आला की पाचनं वर चढायचं. असं खालीवर करत ज्या पातळीला माणूस निदान निम्म्या वेळा तरी प्रतिसाद देतो, ती त्या पट्टीची नोंद. मग २०००, ४०००, ८०००, आणि परत फिरून ५०० आणि २५०. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. मध्ये मध्ये मी मुद्दाम गप्प बसते, चांगले आठ-दहा सेकंद. त्या शांततेत ज्याचा अंगठा हलतो, त्याच्या आधीच्या सगळ्या उत्तरांकडे मला पुन्हा बघावं लागतं.

ग्राफही जगाच्या उलटा. शून्य वरच्या बाजूला आणि जितकं खाली जाल तितकं ऐकणं कमी. हे शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीनं जे सर्वांत बारीक ऐकू येतं ती पातळी म्हणजे शून्य डेसिबल. त्यामुळे एखाद्या पोरीचा कान उणे दहावरही ऐकतो आणि तिच्या वडिलांना वाटतं रिपोर्टात काहीतरी चुकलंय. रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी मी हेडफोन स्वतःच्याच कानाला लावून सगळ्या पट्ट्या एकदा ऐकून घेते. मशीन ठीक आहे ना हे बघायची ती पद्धतच आहे. माझं ८००० आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हेही त्यातच कळलं. पन्नाशीला आलं की चालायचंच.

इतकी वर्षं या काचेमागं बसून माझं एक मत झालं आहे. मशीन फक्त प्रश्न विचारतं. ग्राफ वाचायच्या आधी हे ओळखावं लागतं की उत्तर कोण देतंय. कान देतोय, की माणूस, की माणसाची गरज, की त्याच्या बरोबर आलेलं घर.

गरज उत्तर देते तेव्हाचं आधी सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं बोलण्याच्या पट्ट्यांमध्ये ७० डेसिबलपर्यंत उतरलेलं असेल तर ‘कर्णबधिर’ आणि ६० ते ७० मध्ये असेल तर ‘कमी ऐकू येणारे’ अशी व्याख्या आहे. सवलतींसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. दाखला सरकारी दवाखान्यात मिळतो, पण त्याआधी अंदाज घ्यायला म्हणून माणसं माझ्याकडे येऊन जातात. त्यातली काही अगदी ठरवून आलेली असतात. ‘बरं ऐकू येतं का?’ असं मी पाठमोरी होऊन हळूच विचारलं तर ‘नाही’ म्हणून उत्तर देणारेही मी बघितले आहेत. उलट भरतीची पोरं. पोलीस, रेल्वे, सैन्य. लहानपणी कान फुटून पडद्याला भोक पडलेलं आणि आता मैदान मारून झालेलं. ती जीव कानात आणून बसतात आणि शंका आली तरी बटण दाबतात. दोघांचाही मला राग येत नाही. एकाला दाखला हवा, दुसऱ्याला नोकरी, आणि अंगठा दोघांच्याही हातात आहे.

एकाच कानाचं सोंग असेल तर त्यावर एक फार जुनी आणि फार सुंदर चाचणी आहे, स्टेंगरची. तिचा आधार एवढाच की एकाच पट्टीचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी सोडला, तर ज्या कानाला तो मोठा लागतो त्याच बाजूला तो ऐकू येतो, दुसऱ्या बाजूचा जाणवतच नाही. समजा एकजण म्हणतो माझा डावा कान गेला. त्याच्या उजव्या कानात मी त्याला नक्की ऐकू येईल एवढा आवाज सोडते. त्याच वेळी डाव्यात त्याहून मोठा सोडते, पण त्यानं ‘इथपर्यंत मला काही येत नाही’ म्हणून सांगितलेल्या पातळीच्या खालचा. डावा खरोखर गेलेला असेल तर उजवीकडचा आवाज येतोच आणि तो बटण दाबतो. डावा चांगला असेल तर त्याला आवाज फक्त डावीकडे येतो, आणि डावीकडचं काही ऐकू येत नाही हे तर ठरलेलं, म्हणून तो गप्प बसतो. उजव्या कानात स्पष्ट आवाज असताना गप्प बसतो! शिकत असताना हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वर्गात हसले होते.

ज्यांना सोंग येत नाही, बटण दाबता येत नाही, ‘आला’ म्हणता येत नाही, त्यांची चाचणी सगळ्यांत निर्मळ. बाळंतिणीच्या वॉर्डात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी मोबाइलएवढं यंत्र घेऊन जाते. रबराची इवलीशी बोंडी बाळाच्या कानात बसवायची. तिच्यातून बारीक टिकटिक आत जाते आणि बाळाचा कान स्वतः आवाज करून उत्तर देतो. हे मी बायकांना सांगते तेव्हा त्या माझ्याकडे संशयानं बघतात. त्यांचं चुकत नाही. थॉमस गोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १९४८ मध्ये असं काही असावं म्हणून मांडलं तेव्हा जाणकारांनीही ते मनावर घेतलं नव्हतं. कर्णशंखातल्या, म्हणजे कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या, बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी आवाज आला की स्वतः लांब-आखूड होतात, आलेल्या आवाजाला जोर देतात आणि त्या खटाटोपात थोडासा आवाज उलट बाहेर येतो. लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये कानात छोटा मायक्रोफोन ठेवून तो पकडला. आज तीच चाचणी, ओएई, जगभर पाळण्यातल्या बाळांवर होते.

पुस्तकात दोन मिनिटांची ही चाचणी वॉर्डात अर्धा तास खाते. पंखा करकरत असतो, शेजारच्या खाटेवर डबा उघडलेला असतो, बाळाची आत्या ‘अगं बाई, कानात काय घालताय एवढ्याशा?’ म्हणून उभी असते. बाळ रडायला लागलं की सगळं थांबवायचं. त्यातून पहिल्या दिवशी बाळाच्या कानात पोटातलं पाणी आणि पांढरा थर अडकलेला असतो, त्यामुळे चांगला कानही ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा, असं दाखवतो. म्हणून मी घाई करत नाही, आणि पहिल्याच निकालावर घरच्यांना रडूही देत नाही. पुन्हा आणा म्हणते. नियम आम्हाला पाठ असतो, महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. ‘पुन्हा आणा’ म्हटलेल्यांतले किती परत येतात, हा खरा प्रश्न. घरी गेल्यावर बाळ दाराच्या आवाजाला दचकतं, सगळे निश्चिंत होतात, आणि मग बारसं, मग उन्हाळा.

ओएईला ‘पास’ मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. जे बाळ दिवसच्या दिवस काचेच्या पेटीत होतं, ज्याची कावीळ खूप वाढली होती, त्याचा कान उत्तर देतो पण नस तो निरोप पुढं नेत नाही असं होऊ शकतं. तिथं बेरा करावी लागते. कपाळाला आणि कानांमागं तारा चिकटवायच्या, कानात टिकटिक सोडायची आणि मेंदूच्या देठापर्यंत जाणाऱ्या नसेतल्या लाटा मोजायच्या. एका टिकटिकीनंतरच्या साधारण दहा मिलिसेकंदांत पाच लाटा उठतात. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो ती पाचवी. आवाज कमी कमी करत नेला तरी ती शेवटपर्यंत तग धरते, आणि जिथं ती विरते तिथं बाळाचं ऐकणं संपतं. अट एकच, बाळ गाढ झोपलेलं पाहिजे. म्हणून शिरोळहून, हातकणंगल्याहून येणाऱ्या आयांना मी फोनवर सांगते की पहाटेपासून झोपू देऊ नका. त्या बिचाऱ्या बसमध्ये पोराला जागं ठेवतात, ते रडून रडून हैराण होतं, आणि माझ्या दारात पाऊल टाकताच टक्क डोळे उघडं. मग खोलीत अंधार, आईच्या मांडीवर थोपटणं, अगदीच नाही जमलं तर डॉक्टरांनी दिलेलं झोपेचं औषध. तासभर लाटांसाठी बसलेली मी आणि आई, दोघीही हळूहळू पेंगायला लागतो.

दर हजार बाळांमागं एक-दोन तरी अशी जन्मतात की ज्यांना नीट ऐकू येत नाही. त्यांचं लक्षात यायला उशीर होतो तो आईबापांच्या हलगर्जीपणामुळे, असं शहरातले लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. घरात चाचणी झालेलीच असते. आजीनं केलेली असते. बाळाच्या मागं उभं राहून स्टीलचं ताट उलथन्यानं वाजवायचं. बाळ मान वळवतं, आजी म्हणते, बघा, येतंय की. आता ताटाचा तो दणका एवढा मोठा असतो की थोडंफार ऐकू येणाऱ्या पोरालाही तो कळतो, शिवाय फरशी हादरते, भिंतीवर आजीची सावली हलते, आई त्या दिशेला बघते म्हणून पोरगंही बघतं. तिथं उत्तर कानानं दिलेलंच नसतं. पण आजीला खोटं कसं म्हणणार? तिनं तिच्या परीनं बूथ मांडला होता. त्यावर ‘आमच्यात सगळे उशिराच बोलतात, ह्याचा बाप तीन वर्षांनी बोलला’ हे घरोघरी तयार असतंच. बोलण्याची वाट बघण्यात जातात ती वर्षं मेंदूला भाषा धरायची असतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, मिळतं, पण वयाची अट पाच वर्षांची आहे, आणि खरं तर त्यातलीही पहिली दोन-तीन वर्षंच सोन्याची.

तीन-चार वर्षांचं मूल मात्र माझं सगळ्यांत आवडतं पेशंट. त्याच्या हातात बटण द्यायचं नाही, मणी द्यायचे. मणी कानाशी धरायचा, आवाज आला की डब्यात टाकायचा. आधी दोन-तीनदा त्याच्याबरोबर आपणही टाकायचा आणि टाळ्या वाजवायच्या. एक पोरगी मणी कानाशी धरून अशी श्वास रोखून बसायची की तिच्या चेहऱ्यावर मला आवाज पोचल्याचं मणी पडायच्या आधी दिसायचं. डोळे किंचित मोठे व्हायचे, आणि मग टण्‌. या वयाला मार्क ठाऊक नसतात. ऐकू आलं की टाकायचा, नाही आलं की नाही. हे दहा मिनिटं टिकतं. अकराव्या मिनिटाला डबाच उलटा होतो आणि चाचणी संपते, मग तुमचा एक कान राहिलेला असो वा दोन.

याहून लहान, सहा महिने ते दोन-अडीच वर्षांचं असेल तर आवाजाच्या दिशेला मान वळवली की काळ्या पेटीत दिवा लागून ढोल वाजवणारं अस्वल दिसतं. अस्वलाच्या आशेनं पोरं मान वळवत राहतात. आमचं अस्वल इतक्या वर्षांत फाटलंय, पण पोरांना चालतं.

शाळेतल्या मुलांचं दुखणं वेगळं. तिथं बहुतेकदा नस शाबूत असते, सर्दी मुरून पडद्यामागं चिकट पाणी साठलेलं असतं. ऐकणं वीस-तीस डेसिबलनं उतरतं, कानात बोटं घातल्यागत. दुखत नाही, ताप नाही, म्हणून पोरगं सांगत नाही. बाई लिहून पाठवतात, ‘वर्गात लक्ष नसते.’ टिंपॅनोमेट्रीत कानात हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा किती हलतो ते मोजतात. चांगल्या कानाचा आलेख टोक काढून उभा राहतो, पाणी साठलेल्याचा आडवा पडतो. याला पोराच्या उत्तराची गरज नाही आणि वेळही मिनिटभर. निम्म्याहून अधिक वेळा हे पाणी दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतं, तोवर पुढच्या बाकावर बसवलं तरी पुरतं. बाईंना तसं चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं की बसवतात.

कॉलेजच्या पोरांबद्दल फार बोलत नाही. ती कानातलं काढत नाहीत आणि आपण सांगितलेलं त्यामुळेच त्यांना ऐकू जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, हे मी सांगते आणि ती मान डोलावतात, गाण्यावर की माझ्यावर ते कळत नाही. पण एक गोष्ट ओरडून सांगण्यासारखी आहे. गणपतीच्या मिरवणुकीनंतर दरवर्षी आमच्याकडं पोरं येतात. डीजेच्या भिंतीपुढं रात्रभर नाचलेली, कानात शिट्टी वाजतेय म्हणून. बऱ्याच जणांचं एक-दोन दिवसांत निवळतं. पण मिरवणूक असो नसो, एखाद्याला सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला, तर त्यानं मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. नसेचा अचानक आलेला बहिरेपणा ही तातडीची गोष्ट आहे. पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइड सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची आशा असते, दोन आठवडे उलटून गेल्यावर फारशी उरत नाही. तेल घालून महिनाभर वाट बघितलेले कान मी बघितले आहेत. त्यांच्या ग्राफपुढं बोलायला काही राहत नाही.

आता माझ्या गावाचं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इथं पहिला यंत्रमाग आणला आणि गाव त्याच्यावर उभं राहिलं. आता बिनधोट्याचे नवे माग आलेत, पण साध्या मागाच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिला असाल तर मला आवाजाचं वर्णन करायला नको. आडवं सूत नेणारा धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आपटतो, आणि असे चोवीस-अठ्ठेचाळीस माग एका पत्र्याखाली. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास. आपल्याकडच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबल, आणि दर पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे शंभरला दोन तास. पाळी असते बारा तासांची.

या माणसांचे ग्राफ मी नाव न बघता ओळखते. सगळीकडं बरं, ४००० ला खोल खड्डा, ८००० ला थोडंसं वर. मोठ्या आवाजानं मरणाऱ्या केसपेशी आधी तिथल्याच मरतात आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. दोन्ही कानांत मिळून तीसेक हजार घेऊन माणूस जन्मतो, पुढं नवी भर नाही. वय वाढत जातं तसा खड्ड्याचा पुढचा काठही ढासळतो आणि ग्राफ डावीकडं पठार, उजवीकडं आंबा घाट उतरल्यासारखा दिसायला लागतो.

मागवाल्यांची चाचणी घेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाळी सुटल्यावर थेट आलेल्या माणसाचा कान थकलेला असतो, त्याचा ग्राफ असतो त्याहून वाईट येतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी, निदान चौदा तास शेडबाहेर काढून या म्हणते. मजुरीचा माणूस तक्रार करतो, कारण सुट्टीला त्याला गावी जायचं असतं. दुसरं म्हणजे हे लोक ओठ वाचण्यात वस्ताद. त्या खटखटीत तोंडानं बोलून उपयोग नसतो, सगळा कारभार ओठ आणि हातवाऱ्यांवर. सूत तुटलं, बीम संपला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खूण आहे. माझ्यासमोर बसून ते इतक्या सहज गप्पा मारतात की यांना बहिरं कोण म्हणेल! मी तोंडासमोर फाइल धरते. फाइल वर गेली की माणूस एकदम परका होतो, चेहऱ्यावरचं हसू तसंच राहतं पण डोळे इकडंतिकडं मदत शोधायला लागतात. ते बघायला मला अजूनही बरं वाटत नाही, पण त्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

कानात घालायच्या बोंड्या शेडमध्ये वाटून झाल्या, त्यावर शिबिरं झाली. घामानं खाज येते म्हणतात, आणि मागाचा आवाज बदलला तर बिघाड कळत नाही म्हणतात. दुसऱ्या कारणात तथ्य आहे. माग दुरुस्त करणारा मुरलेला जॉबर माग बघत नाही, ऐकतो.

म्हाताऱ्यांची चाचणी मी सहसा सकाळी घेते, दुपारी ते पेंगतात. त्यांच्यात आणि माझ्यात पहिला संवाद ठरलेला. ‘मला ऐकाय येतंय की. उगंच आणलंय ह्यांनी.’ मग काय त्रास? ‘ही तोंडातल्या तोंडात पुटपुटतीया.’ हे साफ खोटं नसतं. जाड, खर्जातले आवाज त्यांना खरंच येतात, आणि शब्दांमधले स्वर तिथंच असतात. स, श, फ, थ, ख यांची धार वरच्या पट्ट्यांत असते, ती गेलेली. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे पोचतं, काय बोलतंय ते नाही. बीपचा ग्राफ एवढं सांगत नाही. त्यासाठी मी शब्दांची यादी वाचते आणि त्यांनी तोच शब्द परत म्हणायचा. मी म्हणते साप, आजोबा म्हणतात ताप. खीर, तीर. फूल, मूल. एकही शब्द सोडत नाहीत, प्रत्येकाला ठणकावून उत्तर, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला उघड्या दारातून हे ऐकू येत असतं. त्या दहा मिनिटांत घरातली वर्षानुवर्षांची भांडणं मिटलेली मी पाहिली आहेत. ‘मुद्दाम करतात’ असं मग कुणी म्हणत नाही.

मोठ्यानं बोललं की ‘वरडतोस कशाला?’ हेही खरंच. केसपेशी कमी झाल्या की बारीक आवाज येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो, मधली जागा आक्रसते. म्हणून सुनेनं ओरडण्यापेक्षा समोर येऊन, सावकाश, नेहमीच्या आवाजात बोललेलं बरं. कानाला लावायच्या मशीनमध्येही ही मधली जागा बघून आवाज बेतावा लागतो, आणि त्यासाठी ग्राफ लागतो. ग्राफ न काढता ऑनलाइन मागवलेलं मशीन कपाटात का जातं, त्याचं उत्तर एवढंच आहे.

हल्ली ‘मोफत श्रवणचाचणी’चे फलक चौकाचौकांत लागतात. मोफत असायला माझी हरकत नाही, पण फलकावर ‘मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश’ असं घाबरवतात त्याला आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२० आणि २०२४ च्या अहवालांत मध्यम वयातल्या कमी ऐकू येण्याला डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत धरलं आहे, हे खरं. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यात मशीन दिलेल्या सगळ्या ज्येष्ठांत मिळून फरक दिसला नाही, आधीच धोका जास्त असलेल्यांत मात्र बुद्धीची घसरण मंदावलेली दिसली. एवढंच सांगावं. नातवाचं बोलणं कळावं, हे मशीन लावायला पुरेसं कारण आहे.

मध्यंतरी एक काका आले. उभी हयात मागावर गेलेली, शेवटी जॉबर म्हणून काम सोडलेलं. बरोबर मावशी. कागद मावशींच्या हातात, पिशवी मावशींच्या हातात, मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही मावशीच देत होत्या. काकांचा ग्राफ अपेक्षेप्रमाणे निघाला. मशीनबद्दल समजावताना माझ्या लक्षात आलं की मावशी माझ्या तोंडाकडं फार लक्ष देऊन बघतायत. फाइल वर धरली आणि विचारलं, ‘मावशी, तुम्ही काय करत होता?’ उत्तर नाही. फाइल खाली घेऊन पुन्हा विचारलं. त्याच शेडमध्ये धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. लग्न झाल्यापासून. बारा तासांच्या पाळ्या, वर घरचं.

मी म्हटलं, तुम्हीही आत बसा. तर काका म्हणाले, ‘तिला काय झालंय? तिला सगळं ऐकाय येतंय.’

बरोबर आलेल्या बायकांना मी हे नेहमीच विचारायला हवं, पण बाहेर रांग असते आणि चिठ्ठी एकाच्याच नावाची असते. इथं कापड विणणाऱ्याचं नाव निदान मजुरीच्या वहीत असतं, कांडीवालीचं तेही असेलच असं नाही. मावशी पदर सावरून बूथमध्ये बसल्या. बटण दोन्ही हातांत धरलं. मी मध्ये थांबले, दोनदा थांबले, शांततेत त्यांचा अंगठा एकदाही हलला नाही. इतकी चोख उत्तरं मला मोठ्या माणसांकडून क्वचितच मिळतात. ग्राफ काकांच्यापेक्षा खाली निघाला.

दोन्ही कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. काकांनी चष्मा लावून आधी एक बघितला, मग दुसरा, आणि मावशींकडं वळून शेडमध्ये बोलावं तसं, ओठ स्पष्ट करून म्हणाले, ‘मग आजवर कधी बोलली कशी न्हाईस?’

‘तुमास्नी ऐकाय आलं असतं व्हय?’ मावशी म्हणाल्या, आणि मला विचारलं की दोघांची मशीनं एकदम घेतली तर काही कमी होईल का.